मावशीचा प्रश्न आणि कोफिलिनची कुपी

गेल्या महिन्यात फोनवर मावशीने विचारलं, "माणसाचं प्रथिन म्हणतेस, म्हणजे माणसाच्या रक्तातून काढता का गं?" मी परदेशात येऊन नेमकं काय करते हे घरी कुणालाच नीट सांगितलेलं नाही, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. तिला फोनवर घाईघाईत जे सांगितलं ते इथे निवांत लिहिते.

मावशी, रक्ताचा एक थेंबही लागत नाही. माणसाच्या कोफिलिन-१ या प्रथिनाचा जीन आम्ही ई. कोलाय नावाच्या जिवाणूत घालतो. जिवाणू ३७ अंशांवर वाढवायचे, पुरेसे दाट झाले की आयपीटीजी नावाचं रसायन घालायचं, की ते आपलं काम बाजूला ठेवून आमचं प्रथिन बनवू लागतात. मग त्यांना फोडायचं, गाळ खाली बसवायचा आणि वरचं पाणी कॉलममधून, म्हणजे प्रथिनं वेगळी करणाऱ्या नळीतून, सोडायचं. शेवटी प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर १८ किलोडाल्टनच्या (हे रेणूचं वजन मोजायचं एकक) आसपास एकच ठळक निळी पट्टी उमटली की दिवसभराचा शीण जातो. १६६ अमिनो आम्लांची ती साखळी आपल्या पेशीत असते तशीच, पण जिवाणूच्या हातून घडलेली. अशा प्रथिनाला रिकॉम्बिनंट म्हणतात. ते औषध नव्हे. कुपीवर 'केवळ संशोधनासाठी' असं छापलेलं असतं आणि ते शब्दशः खरं आहे.

जिवाणूकडून करून घेण्यात एक फायदा मला फार आवडतो. आपल्या पेशीत कोफिलिनला थांबवायचं असेल तेव्हा त्याच्या तिसऱ्या जागेवरच्या सेरीनला फॉस्फेट जोडलं जातं. हे काम लिम कायनेज नावाचं एन्झाइम करतं. जिवाणूत ते नसतंच, म्हणून आमचं कोफिलिन कुलूप न लागलेलं, कामाला तयार असं मिळतं.

काम कसलं? ॲक्टिनचे तंतू कापण्याचं. ॲक्टिन हे पेशीचा आकार धरून ठेवणारं आणि तिला सरकवणारं प्रथिन. सुटे कण एकापुढे एक जुळतात आणि जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचा पिळदार तंतू होतो. १९४२ साली हंगेरीतल्या सेगेड इथे, जैवरसायनशास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो स्ट्राउब यांनी ते स्नायूंमधून वेगळं केलं. स्नायू ॲसिटोनमध्ये वाळवून त्याची पूड करायची ही त्यांची रीत. आमच्या फ्रीझरमध्ये आजही सशाच्या स्नायूंची तीच पूड आहे. एवढी जुनी रीत हातात घेताना दर वेळी आदराने मान लवते.

आता माझी फजिती. इथे आल्यावर पहिले कित्येक आठवडे माझे तंतू कापलेच जाईनात. काचेलगतचा पातळ थर तेवढा उजळवणारा सूक्ष्मदर्शक आहे, त्याखाली चमकते तंतू दिसायचे. मी कोफिलिन सोडायचे, सुरुवातीला एखाददुसरा तुकडा पडायचा आणि मग सगळं जैसे थे. वाटलं, प्रथिन मेलं. नवं बनवलं. बफरचा, म्हणजे प्रथिन ज्या द्रावणात असतं त्याचा, पीएच तपासला, कारण आम्लता वाढली की कोफिलिन चिकटतं खरं, पण फारसं कापत नाही. पीएच ठीक होता. मग मात्रा वाढवली, ५ मायक्रोमोलरवर नेली. आणखीच शांतता. त्या रात्री मी खोलीवर जाऊन रडले होते.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने वही उघडून आकडा पाहिला आणि एवढंच म्हणाला, "कमी कर." २०० नॅनोमोलर केलं, म्हणजे आधीच्या पंचविसावा हिस्सा. तंतूवर इथे तिथे बारीक खंड पडू लागले आणि बघता बघता लांबलचक रेघेचे पाच-सहा तुकडे झाले.

कारण असं: कोफिलिन बसलं की तंतूचा पीळ घट्ट होतो. जिथे ते बसलंय तिथला पीळ वेगळा, शेजारच्या मोकळ्या भागाचा वेगळा. ताण येतो तो या दोन पिळांच्या सीमेवर आणि तंतू मुख्यत्वे तिथेच तुटतो. मात्रा भरमसाट केली की तंतू टोकापासून टोकापर्यंत कोफिलिनने झाकला जातो. सगळीकडे एकच पीळ, सीमा शिल्लक नाही, मग तुटणार कुठे? पुढे मी कोफिलिनलाच वेगळ्या रंगाची खूण जोडून पाहिलं. रंगीत पट्टा वाढत जातो आणि त्याच्या कडेशी तंतू मोडतो. ते पाहताना माझा श्वास अडकतो, अजूनही.

आणखी एक. नुकत्याच जोडलेल्या ॲक्टिनवर एटीपी नावाचा ऊर्जा देणारा छोटा रेणू असतो, जुन्या भागावर त्यातला एक फॉस्फेट गळून उरलेलं एडीपी. कोफिलिनची पकड एडीपीवाल्या जुन्या भागावर घट्ट बसते. म्हणजे नवं बांधकाम बरंचसं वाचतं आणि जुनं आधी उतरवलं जातं.

ती चित्रफीत मी मावशीला पाठवली. तिने दोनदा पाहिली आणि विचारलं, "मग ते तुकडे जातात कुठे?" मावशी, त्यांच्या टोकांवरून एकेक कण सुटत जातो. प्रोफिलिन नावाचं दुसरं प्रथिन त्याला पकडतं, त्याचं एडीपी जाऊन एटीपी यायला मदत करतं आणि नव्या तंतूच्या वाढत्या टोकाशी नेऊन पोचवतं. त्याचीही कुपी आहे आमच्याकडे. काल रात्रीच फ्रीझरमधून काढून बर्फात ठेवली आहे.