बटव्याचं तोंड

विणलेल्या बटव्यात विणकाम असं फारसं नसतंच. एक लांब पट्टी, तिची मधोमध घडी, दोन बाजूंना शिवण आणि वर नाडी. स्वेटरसारखे गळ्या-मुंढ्याचे हिशेब नाहीत. तरीही बटवा फसतो, आणि फसतो तो तोंडाशीच. पोट थोडं वेडंवाकडं झालं तरी कुणी बघत नाही. तोंड मात्र नीट मिटलं पाहिजे.

ते न मिटण्याचं पहिलं कारण जाड लोकर. तीस सेंटिमीटर घेराच्या विणीला नाडीने बोटभर जागेत गोळा व्हायचं असतं. लोकर जाड असली की चुण्याही जाड पडतात आणि मध्ये भोक राहतं. नाणी तिथूनच वाट काढतात. म्हणून लोकर मध्यम जाडीची घ्यावी, आणि वेष्टनावर ४ मि.मी.ची सुई सांगितली असेल तर ३.५ची. वीण जरा दाट येते, बटव्याला तीच हवी. अशा विणीत १० सेंमीमध्ये साधारण २४ टाके आणि ३२ ओळी बसतात. बटवा कुणाच्या मापाचा नसतो, एखादा सेंमी इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही. १५ सेंमी रुंद आणि २० सेंमी उंच बटव्याला ५० ग्रॅमचा एक गुंडा नाडीसकट पुरतो.

टाके घालायचे ३८. घट्ट टाके घालायची सवय असेल तर दोन सुया एकत्र धरून त्यांवर घालावेत आणि मग एक सुई ओढून घ्यावी. कारण ही कड पुढे बटव्याचं तोंड होणार, तिथून हात आत जाणार. पहिल्या चार ओळी नुसत्या सुलट. त्या शोभेच्या नाहीत: एक ओळ सुलट, एक उलट अशा विणीची वरची कड पुढच्या बाजूला गुंडाळत जाते, या चार ओळी तिला सरळ धरतात. मग सहा ओळी सुलट-उलट, आणि अकराव्या ओळीला नाडीची भोकं. दोन टाके सुलट. पुढे ‘लोकर पुढे घेऊन दोन टाके एकत्र सुलट, मग दोन सुलट’ हे नऊ वेळा. लोकर पुढे घेतल्याने एक टाका वाढतो, दोन एकत्र विणल्याने एक कमी होतो. ओळ संपल्यावर सुईवर पुन्हा ३८च हवेत. ३७ भरले तर कुठे तरी लोकर पुढे घ्यायची राहिली. भोकं याहून कडेजवळ घेतली तर तोंडाला झालर उरत नाही, फार खाली घेतली तर झालरच अर्धा बटवा खाते.

यानंतर एक ओळ उलट, एक सुलट असं हाताला सवयीने चालू द्यायचं. ६५वी ओळ सुलट बाजूने आली की ती पूर्ण उलट विणावी. त्याने एक उठावदार रेघ उमटते आणि तळाची घडी आपोआप तिथेच बसते. दुसरी भोकांची ओळ ११९वी. शेवटच्या चार ओळी पुन्हा नुसत्या सुलट, आणि १२९ ओळींवर टाके बंद. हा विषम आकडा मुद्दाम आहे. ओळी १२८ केल्या तर पहिल्या भोकांसमोर येणारी ओळ नेमकी उलट बाजूची निघते आणि घडी घातल्यावर भोकं एक ओळ वरखाली होतात. टाके बंद करताना उजव्या हातात जाडसर सुई धरावी, नाहीतर तोंडाची एक कड सैल आणि दुसरी आवळलेली.

मधेच टाके वाढू लागले, ३९, ४०, तर ओळीची सुरुवात बघावी. नव्या ओळीला लोकर सुईवरून मागे ओढली गेली की पहिला टाका वर उचलला जातो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात. नवखा हात दोन्ही विणतो. लोकर सुईखालून मागे नेली की हा घोळ संपतो.

घडी घातलेल्या बटव्याची मागची बाजू डोक्यावर उभी असते. साध्या विणीत ते कळत नाही, पण फुलापानांची नक्षी काढली तर मागे देठ वर आणि फूल खाली. त्यामुळे पहिल्या बटव्यावर नक्षी नकोच.

शिवायला मोठ्या नेढ्याची बोथट सुई घ्यावी. कडेचा टाका आणि त्याच्या शेजारचा टाका यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात. एक पायरी डावीकडची, एक उजवीकडची असं घेत जायचं आणि दर चार-पाच पायऱ्यांनी धागा हलकेच ओढायचा. शिवण आत गडप होते. अॅक्रिलिकच्या बटव्यावर गरम इस्त्री मात्र फिरवू नये, वीण कायमची मरगळते.

नाडी विणण्यापेक्षा पिळावी, विणलेली ताणून लांबते. ६० सेंमीच्या नाडीसाठी १८० सेंमीचे दोन पदर घ्यावेत. एक टोक दाराच्या कडीला बांधून दुसऱ्या टोकाच्या पेन्सिलीने पीळ द्यावा. सैल सोडताच दोरा वेटोळी घालू लागला की पीळ पुरला. मध्यावर बोट धरून दुमडलं की दोन्ही भाग आपसूक एकमेकांभोवती वळतात. अशा दोन नाड्या कराव्यात. भोकं एकूण १८, म्हणजे सम, त्यामुळे आत-बाहेर ओवत गेल्यावर दोन्ही टोकं बाहेरच निघतात. एक नाडी डाव्या शिवणीपासून पूर्ण फेरी मारून तिथेच परत यावी, दुसरी उजवीकडून. दोन्हीकडून ओढलं की तोंड मधोमध मिटतं. गोंडे लावायचे असतील तर ओवून झाल्यावर. आधी लावले तर ते भोकातून जात नाहीत आणि कात्री शोधावी लागते.