घरामागचं गरम कपाट

ओसाकातल्या आमच्या घराचे फोटो पाहिले की पुण्याचे काका दर वेळी विचारतात, "मागच्या भिंतीला लावलेलं ते कपाट कसलं? आपल्याकडेही आता पाइपचा गॅस आलाय, इथं बसवता येईल का?"

ते एने-फार्म टाइप एस. एने-फार्म हे जपानमधल्या घरगुती फ्युएल सेलचं नाव, आणि आमचा टाइप एस म्हणजे त्यातला सॉलिड ऑक्साइड, म्हणजे सिरॅमिकचा प्रकार. गॅस घालायचा, वीज आणि गरम पाणी घ्यायचं. हा जनरेटर नव्हे, कारण यात इंजिन नाही. आत सिरॅमिकचे चपटे, पोकळ सेल आहेत. ते साधारण 700 अंशांना तापले की हवेतल्या ऑक्सिजनचे आयन (विद्युतभार असलेले कण) झिर्कोनिया या सिरॅमिकच्या पातळ थरातून पलीकडे जातात आणि गॅसपासून निघालेल्या हायड्रोजनला भेटतात. तिथं सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून फिरून येतात, तीच आपली वीज. धूर नाही, धडधड नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र निघतो, हे लपवून चालणार नाही.

याची क्षमता अवघी 700 वॉट. स्वयंपाकघरातल्या पॅनेलवर रात्री दीडशेच्या आसपास दिसणारा आकडा सकाळी भाताचा कुकर लावला की चढत जातो आणि 700 वर थांबतो. वरची गरज ग्रिड भागवतो. 2012 साली हे यंत्र आलं तेव्हा गॅसमधल्या ऊर्जेपैकी 46.5 टक्क्यांची वीज व्हायची, 2020 च्या मॉडेलमध्ये ते 55 टक्क्यांवर गेलं. उरलेल्या उष्णतेतली बरीचशी आंघोळीच्या पाण्यात उतरते. मोठ्या वीजकेंद्रातली अशी उष्णता बहुतेक वायाच जाते. घराशेजारी वीज तयार करण्याचा खरा फायदा मला इथं दिसतो.

काकांना सगळ्यात आधी सांगते ते हे, की याला इन्व्हर्टर समजू नका. सिरॅमिक एकदम तापवलं किंवा थंड केलं तर तडकतं, म्हणून चालू-बंद व्हायला याला तासन् तास लागतात. ते रात्रंदिवस चालूच ठेवायचं. सप्टेंबर 2018 च्या वादळात वीज गेली तेव्हा आमचं यंत्र चालू होतं, म्हणून वेगळ्या सॉकेटवर फ्रिज आणि एक दिवा चालला. ते आधीच बंद असतं तर आम्हीही अंधारात बसलो असतो.

शिवाय हे फार महाग आहे. जपानमध्ये एने-फार्मचा प्रसार झाला त्यात सरकारी अनुदानाचा मोठा वाटा होता. पुण्यातल्या बंगल्याच्या गच्चीवर ऊन आहे, आंघोळीच्या पाण्याला सोलर पुरतो. तिथं हे बसवू नका, असंच मी सांगते.

पण चोवीस तास वीज आणि गरम पाणी लागणारं एखादं लहान रुग्णालय किंवा वसतिगृहाची खानावळ असेल, दारात गॅसची लाइन असेल, तर काका, तिथली सहा महिन्यांची वीज आणि गॅसची बिलं मला पाठवा. आकडेमोड करायला मी बसते.