परतवारी

पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला की पंढरपूर रिकामं होतं, असं आपण म्हणतो. खरं म्हणजे एकादशीच्या दुपारपासूनच ते रिकामं व्हायला लागतं. चंद्रभागेत बुडी मारायची, नामदेव पायरीला डोकं टेकायचं, कळसाला हात जोडायचे आणि एसटी स्टँड गाठायचं. रानात पेरण्या झालेल्या असतात, पाऊस धड झाला असेल तर खुरपणी तोंडावर आलेली असते. या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मीही आजवर असाच परतत आलो. यंदा मात्र थांबलो, आणि माऊलींच्या पादुका विठ्ठलाला भेटून निघाल्या तसा रथामागून आळंदीच्या वाटेला लागलो.

परतवारी माहीत सगळ्यांना असते, करतात थोडे. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान होतं आणि आषाढी एकादशीपर्यंत साधारण 18 दिवस लागतात. तेवढीच वाट माघारी दहा-अकरा दिवसांत तुडवायची, म्हणजे आषाढ वद्यातल्या कामिका एकादशीच्या सुमाराला आळंदी. जाताना फलटण आणि नातेपुत्याच्या मध्ये बरडला मुक्काम असतो. येताना बरडला टेकलो न टेकलो तोच निघालो. पावली, फुगडी वगैरे काही नाही. एक मृदंग, पाच-सहा टाळ आणि झपझप पाय.

आमच्या दिंडीचे जाताना दोन ट्रक आणि एक पाण्याचा टँकर होता. येताना सगळं बिऱ्हाड एका टेम्पोत मावलं. राहुट्या कोण लावणार? मारुतीचं देऊळ, नाहीतर शाळेचा व्हरांडा, आणि तोही शाळा सुटल्यावर, कारण पोरांचे तास चालू. एका गावात आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो होतो आणि आत बाई बेचे पाढे म्हणून घेत होत्या. थोड्या वेळाने आमच्यातल्या परभणीकडच्या एका आजीही हळूच पाढे म्हणायला लागल्या. बाईंनी दारातून डोकावून पाहिलं आणि काही न बोलता पुढचा पाढा घेतला.

जाताना वाटेवर केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा, रेनकोट, कुणी पाय चेपून देतंय, कुणी फुकट दाढी करून देतंय, कुणी तुटलेली चप्पल शिवून देतंय. नको नको म्हणत हातात काहीतरी येतंच. येताना त्यातलं काही नाही. फोड आला की स्वतःच सुईदोरा ओवायचा. पिठल्यासाठी कांदा हवा तर दुकान उघडायची वाट बघायची. बायांचे हाल सर्वांत जास्त, कारण जातानाची फिरती शौचालयं कधीच निघून गेलेली असतात. पहाटे तीनला उठून अंधार असेपर्यंत सगळं आटपावं लागतं. परतवारीचं कौतुक करणाऱ्यांनी हेही सांगायला हवं.

माळशिरसच्या अलीकडे एका पोराने मोटारसायकल हळू केली. ‘काय माऊली, वारी तर झाली ना? मग आता कुठं?’ रथ पुढे गेला होता, आणि विणेकरी बाबा आमच्याबरोबर मागे राहिले होते. बाबा सातारकडचे, सत्तरीच्या पुढचे, गळ्यात वीणा. म्हणाले, ‘माऊलीला आपण आणलं ना? मग तिला एकटीला लावून द्यायचं का माघारी?’ पोराला ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्याने बाबांचं गाठोडं पुढच्या फाट्यापर्यंत नेऊन दिलं.

खुडूसचं मैदान लागलं. जाताना इथे रिंगण झालं होतं. स्वाराचा घोडा आणि माऊलींचा मोकळा घोडा उधळला, टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं अक्षरशः लोळली. आता तिथे एक मुलगी शेळ्या राखत होती. आणि कडेने, खड्ड्यांत, बांधाला अडकून आपलाच कचरा: द्रोण, पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, शेवाळलेले प्लास्टिकचे कागद. गावकरी बरंच उचलतात, तरी उरतं. जाताना आपण काय टाकलं ते गर्दीत दिसत नाही, येताना पावलागणिक दिसतं. एका शेतकऱ्याने बांधावरून बाटल्यांचं पोतं दाखवलं. रागावला नव्हता, पण दाखवल्याशिवाय राहिला नाही.

पादुकांचं दर्शन मात्र इथेच खरं मिळतं. जाताना तळावर तासन्‌तास रांग, डोकं टेकवायच्या आत पुढे ढकललं जातं. येताना एखाद्या वस्तीवर रथ थांबला की बाया हात पुसत घरातून येतात, लेकराला पुढे करतात, पादुकांपाशी निवांत उभ्या राहतात. एका बाईने घरची अडचण माऊलींना बारीक आवाजात, पण सविस्तर सांगितली. कुणीही ‘चला, चला’ म्हटलं नाही.

रथ, घोडे, दिंड्यांचे क्रम, चोपदारांनी दंड उंचावला की लाखोंच्या तळावर पसरणारी शांतता, ही शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिली. त्याआधी, 1685 मध्ये, तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी पालखी सुरू केली. आणि त्याही आधी लोक पादुका गळ्यात बांधून चालत जात, असं जुने वारकरी सांगतात. जातानाच्या वारीत हे ऐकलं की गोष्ट वाटते. नातेपुत्याकडे जाताना भर पावसात, पुढे रथ आणि मागे मूठभर माणसं असताना, ती गोष्ट वाटत नाही.

नीरेचं स्नान झालं, वाल्हे झालं. सासवड सोडल्यावर दिवे घाटात ढग इतके खाली होते की रथाच्या मागचे पुढच्यांना हाका मारत होते. जाताना हा घाट चढायला रथाला जादा बैलजोड्या लावतात आणि कठड्यावर फोटोवाल्यांची दाटी असते. उतरताना ट्रक आणि दुचाक्या आम्हाला हॉर्न देत होत्या. पुण्यात तर आम्ही सिग्नलला थांबलो.

आळंदीत स्वागत झालं, पादुका देवळात गेल्या. संध्याकाळी हरिपाठ आटोपल्यावर दिंडीचा हिशेब निघाला. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, पुढच्या वर्षी वाढवायची यावर सगळ्यांचं एकमत. दोघा-तिघांचं म्हणणं पडलं की परतीला मोठा टेम्पो करू, म्हणजे सामानाची ओढाताण नको. बाबा म्हणाले, ‘टेम्पो मोठा केला की गाद्या येतील, गाद्या आल्या की माणसं येतील.’ ‘मग येऊ देत की!’ आजी म्हणाल्या. बराच वेळ वाद चालला. शेवटी टेम्पो तोच ठेवायचा, पण ताडपत्री नवी घ्यायची, असं ठरलं.