फुस्स पिस्तूल, भाग 4: एका दात्याने छळलं

माझं जुनं हवेचं पिस्तूल (एअर पिस्तूल) वाजलं! छर्र्याचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर सेकंदाला 118 मीटर, ओळीने पाच वेळा, जेमतेम चार मीटरच्या फरकात. मागच्या भागात छर्रा नळीतच अडकत होता आणि मी तो सळईने ढकलून काढत होतो, आठवतंय ना?

'नवं सील (पिस्टनच्या टोकाला हवा अडवणारी चकती) बसवलं की झालं' असं तेव्हा लिहिलं होतं. शब्द मागे घेतो. जुनं सील बाहेर आलं ते ओल्या हिंगासारखं, पिवळट, बोटाला चिकटणारं. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं शिलाई मशीनचं तेल पाजलेलं. पण त्या काळच्या सीलना हा रोग असाही होतोच. मुंबईच्या एका दुकानदाराने 'कुठलंही बसतं हो' म्हणत रायफलचं सील गळ्यात मारलं होतं. शेवटी इंग्लंडहून मागवलं, पाच आठवडे वाट पाहिली.

बसवलं, जोडलं, चाप ओढला, तर हाताला सणसणीत झटका! या पिस्तुलातल्या दोन पिस्टनच्या रचनेला गिस पद्धत म्हणतात, आणि तिचं सगळं कौतुक झटका न देण्यात. एक पिस्टन हवा दाबत पुढे जातो, त्याच वेळी दुसरा मागे, मध्ये दातेरी चक्रं. माझं पिस्तूल मात्र उसळत होतं, आणि नळी सांध्यात खाली वाकवून स्प्रिंग ताणताना शेवटच्या इंचाला 'कर्र'.

चार संध्याकाळी गेल्या. आधी स्प्रिंगवर संशय. मग नळीच्या सांध्यावर टिश्यूची पट्टी धरून चाप ओढला. पट्टी हलली नाही, म्हणजे तिथून हवा जात नाही. पाचव्या दिवशी दोन्ही बाजूंची गोल झाकणं काढून टॉर्च मारला, तेव्हा चोर सापडला. उजवं चक्र डाव्यापेक्षा एक दाता मागे! स्प्रिंग दाबताना ते गुपचूप सरकलं असणार, आणि उघडताना खुणा करायची बुद्धी मला झाली नव्हती. दाते मोजून पुन्हा बसवलं आणि चक्राच्या दात्यावर नि पिस्टनच्या पट्टीवर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. स्प्रिंग मात्र हाताने दाबू नका, सुताराचा क्लॅम्प घ्या. माझ्या अंगठ्याचं नख अजून काळं आहे.

आता कुळाचं. अंगावर 'ओरिजिनल' आणि '6', कंपनीचं नाव नाही. जुन्या बाजारात ज्यावर 'ओरिजिनल' लिहिलंय ते हमखास डुप्लिकेट, म्हणून मीही तेच धरून चाललो होतो. पण हे जर्मनीतल्या राश्टाटच्या मायर उंड ग्रामेलश्पाखर कंपनीचं, म्हणजे अस्सल डायना, हेच त्यांच्या मालाचं नाव. महायुद्धानंतर त्यांची यंत्रं ब्रिटनला गेली आणि स्कॉटलंडमधली मिलब्रो कंपनी तिकडे डायना याच नावाने माल काढू लागली. मग खुद्द जर्मन मालकांना ब्रिटनमध्ये स्वतःचं नाव वापरता येईना, म्हणून हे 'ओरिजिनल'! मूठ काढल्यावर चार आकडे दिसले, 0468. एप्रिल 1968. माझ्याहून सात वर्षांनी मोठं.

पुढे नळीला निळा रंग चढवणार होतो. पण लिहिता लिहिता वाटलं, हे सील गेलं की पुन्हा पाच आठवडे कोण थांबणार? जुन्याचा चुरा मापाला निरुपयोगी, नवं आत बसलंय. म्हणजे रविवारी पुन्हा उघडायचं, मापाला कॅलिपर लावायचा आणि भोसरीच्या लेथवाल्याकडून दोन सीलं कातून घ्यायची. एक टेफ्लॉनचं, एक चामड्याचं. माझा कल चामड्याकडे, पण आधी ठिपके पुसले गेले नाहीत ना ते बघतो.