अर्धा किलो टोफू

अर्धा किलो टोफू आंबला. बस, गोष्ट इथूनच सुरू होते.

चिनी लेखक ल्यू झेनयुनच्या 'जमिनीभर कोंबडीची पिसं' (१९९१) या दीर्घकथेचं हे पहिलं पान आज डोक्यातून जात नाहीये. बीजिंगमधला साधा नोकरदार शाओ लिन सकाळी सहाला उठून सरकारी दुकानापुढे रांग लावतो. का? तर तिथे अर्ध्या किलोत पाच वड्या येतात, शंभर-शंभर ग्रॅमच्या, घट्ट. खासगीवाल्याकडे अर्ध्या किलोची एकच लादी, पण पाणचट. कढईत परतली की भुगा. त्या दिवशी कामावर पळायच्या गडबडीत टोफू फ्रिजमध्ये ठेवायचा राहतो. संध्याकाळी घरात जुंपते.

ल्यू हा चीनच्या हेनान प्रांतातल्या यानजिनचा, जन्म १९५८. १९७३ मध्ये सैन्यात, १९७८ मध्ये पेकिंग विद्यापीठात, मग शेतकऱ्यांच्या एका दैनिकात नोकरी. २०११ मध्ये माओ दुन पुरस्कार, चीनमधला कादंबरीसाठीचा मोठा सन्मान. पण पुरस्कारांपेक्षा ती पाणचट लादी मोठी वाटते मला.

आणि खुपतं ते पुढेच. कॉलेजात कविता करणारा मित्र शाओ लिनला बदकं विकताना भेटतो. अजून लिहितोस का, या प्रश्नावर तो शिवी हासडतो. मग शाओ लिनच दिवसाला २० युआनवर त्याच्या गल्ल्यावर बसतो. आधी ओशाळतो, नंतर सरावतो. ल्यू त्याची कीव करत नाही, टिंगलही नाही.

हरलं कोण यात? मला ठरवता येईना. तुम्हाला?