पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद : आमची वाटचाल

आम्ही शिवकाळातल्या फौजेचा एक कॉम्प्युटर गेम करतोय, त्याची ही गोष्ट. कोल्हापुरात शाहूपुरीत एका पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन 2014 साली मी आणि माझ्या नवऱ्यानं काम सुरू केलं. गिरणीची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडायचं, त्यामुळे पहिला खर्च इन्व्हर्टरवरच झाला. बिल्डरांना फ्लॅटचे थ्रीडी वॉकथ्रू, म्हणजे न बांधलेल्या घरातून फिरवून आणणारे व्हिडिओ, करून द्यायचे आणि परदेशातल्या गेम स्टुडिओंना गेममधल्या वस्तूंची थ्रीडी मॉडेलं पुरवायची, हा आमचा धंदा. दोन वर्षं मी पिंपं, खोकी, कुंपणं आणि तलवारी यांशिवाय दुसरं काही बनवलं नाही. हात त्यातच बसला. पुढे एका परदेशी गिऱ्हाइकानं तीन महिन्यांचं बिल बुडवलं, तेव्हा पाटल्या गहाण ठेवून दोन मुलांचे पगार केले. पगाराची तारीख चुकवायची नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळी कामं थांबली. आठवड्याभरात, 30 मार्चला, 'माउंट अँड ब्लेड 2 : बॅनरलॉर्ड' हा गेम अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला. त्याच मालिकेतला आधीचा, 2010 चा 'वॉरबँड' आमच्या ऑफिसात सगळ्यांनी खेळलेला. हे गेम बनवणारी टेलवर्ल्ड्स ही कंपनी तुर्कस्तानातल्या अंकाराची. आर्मान आणि इपेक यावुझ या नवरा-बायकोनं मालिकेतला पहिला गेम अर्धवट असतानाच इंटरनेटवर विकायला ठेवला, खेळणाऱ्यांचं ऐकत ऐकत वाढवला आणि 2008 साली पूर्ण केला. हे वाचल्यावर आम्ही दोघं त्या रात्री बराच वेळ जागे होतो.

त्या गेममध्ये तुम्ही एकटे निघता. गावोगाव फिरून पोरं जमवायची, लढाईत तयार करायची, दर आठवड्याला पगार द्यायचा. पगार थकला की हिंमत खचते, माणसं पळून जातात. जेवणात रोज एकच जिन्नस असेल तर तेवढी उभारी राहत नाही, शिध्यात चार प्रकार ठेवावे लागतात. पगार थकला की काय होतं ते आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. असा गेम आपल्या मातीतला, आपल्या भुताखेतांसकट करायचा, असं ठरलं.

पहिला नमुना तयार झाला तेव्हा गिरणीवाल्या काकांच्या कॉलेजातल्या मुलाला खेळायला बसवलं. त्यानं खिंडीत चाळीस भालाईत एका झटक्यात घालवले. मी विचारलं, "अरे, एवढी माणसं गेली, वाईट नाही वाटलं?" तो म्हणाला, "काकू, पुढच्या गावात मिळतात की दुसरे." मला ते फार लागलं. चूक आमचीच होती. वॉरबँडमध्येही साधा शिपाई बिननावाचा असतो, नावं असतात ती सोबत्यांना. आम्ही प्रत्येक शिपायाला नाव दिलं, गाव दिलं. तो पडला की त्याची पगडी त्याच्या घरी पोचवायला तुम्हालाच जावं लागतं. त्या गावात पुन्हा भरती मागायची तर आधी हे करायचं. चार महिन्यांनी तोच मुलगा खेळायला बसला, तेव्हा एका जखमी भालाईताला वाचवायला त्यानं जिंकत आलेली लढाई सोडून फौज मागे घेतली. मी मागे उभी राहून बघत होते. एवढा आनंद मला कुठल्याही बिलाचे पैसे आल्यावर झालेला नाही.

फौजेची रचना आम्ही शिवकाळातून घेतली. ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येतो तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पाणी पुरवणारा) व एक नालबंद (नाल ठोकणारा)! बखरीतली ही ओळ वाचली आणि मला आमचा गेम दिसला. नालबंद नसेल तर आमच्या गेममध्ये तिसऱ्या मुक्कामाला घोडे लंगडायला लागतात. शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र तर मी छापून भिंतीवर लावलंय. वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडे मरतील; रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर वात नेईल आणि गवताला आग लागेल. आमच्या गेममध्ये पावसाळ्याचे चार महिने फौज छावणीत बसते, आणि बेफिकीर खेळाडूच्या गंजीला खरोखर आग लागते. स्वारी निघते ती दसऱ्याला, सीमोल्लंघन करून. अमावास्येच्या रात्री मात्र नकाशावरून वेताळाची पालखी जाते. तिला वाट द्यायची, मशाली खाली करायच्या. जो अडवतो त्याची निम्मी फौज सकाळी दिसत नाही.

जुलै 2021 च्या पुरात गिरणीत पाणी शिरलं, वीज गेली. मशीन वर असल्यानं वाचली, काम तेवढं रखडलं.

सगळ्यात जास्त घाम काढला तो लॅपटॉपनं. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर गेम चाललाच पाहिजे, यावर मी अडून बसले होते, कारण आमच्याकडच्या मुलांकडे तेच असतं. दोनशे शिपाई उभे केले की चित्र अडखळत चालायचं, कारण प्रत्येकाच्या हातापायांची हालचाल प्रोसेसर वेगळी मोजत होता. शेवटी आमच्या प्रोग्रामरनं चालणं, धावणं, वार करणं अशा सगळ्या हालचाली आधीच मोजून एका टेक्स्चरमध्ये, म्हणजे चित्राच्या फाइलमध्ये, भरल्या. आता ग्राफिक्स चिप ते नुसतं वाचते आणि दोनशेच्या दोनशे शिपाई सुरळीत धावतात. लांबच्या शिपायांना कमी बारकाव्याचं मॉडेल. ही युक्ती मोठ्या स्टुडिओंत नवी नाही, पण आम्हाला बसवायला पाच महिने लागले.

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर नोंदणीचे 100 डॉलर भरून आम्हीही गेम अर्धवट असतानाच विकायला ठेवला, यावुझ जोडप्यासारखाच. वॉकथ्रूची कामं अजून घेतो, पगार त्यातूनच निघतात. आम्ही आता सात जण आहोत. खंडेनवमीला कीबोर्ड, ड्रॉइंग टॅबलेट आणि तो जुना लॅपटॉप मांडून पूजा झाली, झेंडूची फुलं वाहिली. दुसऱ्या दिवशी गेममध्येही दसरा होता. सध्या हत्तींचं काम चालू आहे, आणि त्यांचा चारा किती धरायचा यावरून ऑफिसात रोज वाद होतात.