सहा चाकांची टायरेल पी-34: 1/20 मॉडेल बांधताना (माझा अनुभव)

चार चाकांच्या मॉडेलमध्ये एखादं चाक केसभर वर राहिलं तरी खपून जातं. कपाटात ठेवलं की कोणी वाकून बघत नाही. टायरेल पी-34 या फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाडीला ही सवलत नाही. पुढे एकामागे एक अशा दोन जोड्या, म्हणजे चार छोटी चाकं, आणि मागे दोन मोठी. बघणाऱ्याची नजर आधी त्या चार चाकांवरच जाते आणि त्यातलं एक जरी अधांतरी असेल तर ते लगेच कळतं. तीन पायांची तिवई डगमगत नाही, चार पायांचं टेबल डगमगतं, आणि इथे तर सहा पाय. म्हणून या गाडीत रंग, डिकॅल (पाण्यात भिजवून लावायची छापील चित्रं-अक्षरं), इंजिनाचं तारकाम हे सगळं मी नंतरचं मानतो. किटच्या पत्रकातला क्रमही मी याच कारणासाठी मोडतो: इंजिन आणि मोनोकॉक (चालक बसतो तो पेटीसारखा मुख्य सांगाडा) यांचा जोड मी चाकांच्या जुळणीत सगळ्यात शेवटी चिकटवतो.

गाडीबद्दल थोडं सांगतो, कारण काय नेमकं दिसायला हवं ते त्यावरून ठरतं. गाडीचे डिझायनर डेरेक गार्डनर यांनी चार पुढची चाकं दिली ती मुळात पकड वाढवण्यासाठी नव्हे. तेव्हाच्या नियमांत नोजची, म्हणजे गाडीच्या पुढच्या टोकाची, रुंदी 150 सें.मी.पर्यंत चालत असे. नेहमीची पुढची चाकं त्या नोजच्या वर डोकावत, हवा अडवत आणि गाडीला वर उचलू पाहत. चाक 10 इंची रिमवर आणलं की ते नोजच्या आड जातं. मात्र एवढ्याशा चाकाची पकड पुरत नाही, म्हणून जोड्या दोन. 1976 च्या स्वीडिश ग्रां प्रीत अँडरस्टॉर्पला टायरेलचे चालक जॉडी शेक्टर पहिला आणि पात्रिक देपाये दुसरा आला. सहा चाकांच्या गाडीने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली ती तेवढी एकच. 1977 ला गाडी जड झाली, पुढच्या छोट्या टायरची सुधारणा मागच्या टायरच्या बरोबरीने झाली नाही, आणि त्या मोसमानंतर टायरेलने हा प्रयोग सोडला.

कोणत्या वर्षाची गाडी करायची ते डबा उघडण्याआधी ठरवा. 1976 ची गाडी पूर्ण निळी, 3 नंबर शेक्टरचा, 4 नंबर देपायेचा. 1977 ची निळी-पांढरी, बॉडीचा आकार वेगळा, आणि 3 नंबरवर रॉनी पीटरसन. 1976 च्या शेवटी फुजीला झालेल्या जपानी ग्रां प्रीत चालकांची नावं गाडीवर जपानी लिपीत होती. ती डिकॅल लावून गाडी स्वीडनची म्हणून मांडली तर जाणकार माणूस हसतो. मी टामियाचा 1/20 किट वापरला. साचा 1970 च्या दशकातला आहे, त्यामुळे प्रत्येक भागावरची साच्याची रेघ तासायची तयारी ठेवा.

हत्यारांसाठी कोल्हापूर सोडून कुठे जावं लागत नाही. गुजरीत सोनारांना लागणाऱ्या वस्तूंच्या दुकानांत पिन व्हाइस (बारीक ड्रिल हाताने फिरवायची मूठ), 0.3 ते 1 मि.मी.ची ड्रिलं, सुई कानशी, बारीक टोकाचे चिमटे आणि पियर्सिंग सॉच्या पत्त्या मिळतात. ‘मॉडेलिंग टूल’ असं लेबल लागलेल्या मालापेक्षा हे टिकाऊ असतं. तांब्याची एनॅमल तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते. काचवाल्याकडून 10 मि.मी. जाडीचा, साधारण 200 बाय 300 मि.मी.चा तुकडा कडा घासून आणा. पातळ काच मधे लवते, त्यामुळे ती चालत नाही. उद्यमनगरात मिलिंगवाल्याकडून 10 मि.मी. जाड ॲल्युमिनियम प्लेटमध्ये 2 मि.मी. रुंदीचे दोन समांतर खाचे पाडून घेतले. त्यांच्यातलं अंतर किटच्या दोन पुढच्या ॲक्सलमधल्या अंतराइतकं. फाउंड्री आणि मशीन शॉपच्या गावात 0.05 मि.मी.ची अचूकता मागितली तर कोणी दचकत नाही, पण ‘हे कशाला?’ हा प्रश्न मात्र येतोच. मिलिंग नको असेल तर काचेवर प्लॅस्टिकच्या सरळ पट्ट्या चिकटवूनही असाच जिग (भाग नेमक्या जागी धरणारा साचा) होतो, फक्त गुण्या नीट लावायचा.

सुरुवात चाकांपासून. खऱ्या गाडीची पुढची रिम 10 इंची, म्हणजे 1/20 ला 12.7 मि.मी.; मागची 13 इंची, म्हणजे 16.5 मि.मी. टायरच्या मधोमध साच्याची रेघ असते. टायर रिमवर चढवून 2 मि.मी.च्या सळीवर बसवायचा, हँड ड्रिलमध्ये अगदी हळू फिरवायचा आणि लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला 320 चा वॉटर पेपर ओला करून टेकवायचा. वेग वाढवला की रबर तापून चिकट होतं आणि पेपरवर गोळे धरतं. चारही पुढचे टायर एकाच बैठकीत, सारखाच दाब देऊन घासा. व्यासात 0.2 मि.मी.चा फरक पडला तर चाक 0.1 मि.मी. उचलतं, आणि तेवढं डोळ्याला दिसतं. व्हर्नियरने मोजताना जबडे रबर दाबतात, म्हणून उजेडासमोर धरून फट नुकती बंद होईल इतकंच टेकवायचं. शिवाय टायर पूर्ण गोल कधीच नसतो. प्रत्येकाचा सगळ्यात मोठा व्यास कुठे आहे तिथे आतल्या बाजूला खडूची खूण करून ठेवा, ती शेवटी उपयोगी पडते.

मऊ व्हिनाइलचे टायर असतील तर आणखी एक भानगड. त्यातलं प्लॅस्टिसायझर (मऊपणा देणारं रसायन) वर्षानुवर्षं झिरपून रिमचं पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लॅस्टिक, विरघळवतं. रिमच्या खाचेत पातळ ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून घेतली की दोन्ही एकमेकांना लागत नाहीत.

आता पुढचं सस्पेन्शन. खऱ्या गाडीत चारही पुढची चाकं वळतात. मॉडेलमध्ये मी ती सरळ ठेवून पक्की करतो, कारण वळती ठेवली की प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई येते आणि चार ढिलाया मिळून चाकांची उंची बिघडवतात. सस्पेन्शनच्या दांड्या आधी रंगवायच्या, पण जोडाच्या जागी रंग खरवडून प्लॅस्टिक उघडं करायचं. क्रोम चढवलेल्या भागांचंही तेच: लिक्विड सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून जोडतं, क्रोमवर ते नुसतं सुकतं आणि पुढे जोड सुटतो. सगळं क्रोम काढायचं असेल तर कपड्यांच्या ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवा.

मोनोकॉक काचेवर प्लॅस्टिकच्या पत्र्यांच्या आधाराने नेमक्या उंचीवर ठेवायचा. खाली टेप लावून तो हलणार नाही असं करायचं. मग पहिली जोडी, खाच पाडलेल्या प्लेटमध्ये 2 मि.मी.ची सळी ठेवून. ती पूर्ण वाळेपर्यंत दुसऱ्या जोडीला हात लावायचा नाही. चारही एकदम लावली तर सिमेंट वाळताना एक दांडी दुसरीला ओढते आणि कुठली कुणामुळे सरकली ते कळत नाही. सिमेंट काही मिनिटांत धरल्यासारखं वाटतं, पण मऊ झालेलं प्लॅस्टिक कडक व्हायला रात्र जाते. तोवर जिगमधून काढायचं नाही.

तपासणी कागदाने. झेरॉक्सचा साधा कागद साधारण 0.1 मि.मी. जाड असतो. त्याच्या बारीक पट्ट्या कापून चारही चाकांखाली घालायच्या आणि एकेक ओढायची. चारही सारख्या अडत असतील तर काम झालं. एखादी सहज सुटली तर आधी ते चाक खुणेप्रमाणे फिरवून बघा. बऱ्याचदा मोठा व्यास खाली आला की फट बुजते. तरी राहिली तर अपराइट (दांड्यांच्या टोकाचा, चाक धरणारा उभा भाग) आणि चाकाच्या हबच्या जोडात कागदाएवढी प्लॅस्टिकची चकती किंवा थोडी तासणी. दांड्या वाकवून सुधारायला जाऊ नका, त्या महिन्याभरात परत मूळ जागी येतात.

त्यानंतर इंजिन. कॉसवर्थ डीएफव्ही, 2993 सी.सी., 90 अंशांचं व्ही-8. खऱ्या गाडीत त्याखाली चॅसी नसते. इंजिनच मोनोकॉकच्या मागच्या भिंतीला बोल्टने आवळलेलं असतं आणि मागचं सगळं वजन तेच पेलतं. किटमध्येही तसंच आहे, आणि म्हणूनच हा एक जोड पिळला की मागची दोन्ही चाकं कलतात. पुढची चार चाकं काचेवर बसली म्हणजे पातळी ठरलीच. मागची दोन त्या पातळीला आणायची, ती याच जोडातून. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं सस्पेन्शन स्वतंत्र पूर्ण करून घ्या. मग पुढच्या ॲक्सलच्या जागी एक आणि मागच्या ॲक्सलमधून एक अशा 300 मि.मी.च्या सरळ सळ्या घाला आणि मागून एका डोळ्याने बघा. मधल्या रेषेपासून 150 मि.मी.वर टोकांत 1 मि.मी.चा फरक दिसला, तर सुमारे 35 मि.मी.वर असलेलं मागचं चाक जवळपास पाव मि.मी. चुकलंय असं समजा. जोडाचे खुंट किंचित घासून, पिळ काढून, मग सिमेंट. मागच्या चाकांवर हलकं वजन ठेवून सगळं रात्रभर काचेवरच.

तारकाम हा यातला सगळ्यात मजेचा भाग, आणि इथे माप चुकलं की इंजिन खेळण्यातलं दिसतं. खरी स्पार्क प्लगची वायर 7-8 मि.मी. जाड, म्हणजे 1/20 ला 0.35 ते 0.4 मि.मी.: 28 गेजची तार. ब्रेकची नळी त्याहून बारीक, तिला 34 गेज, साधारण 0.23 मि.मी. वेणीच्या जाड होजसाठी दोन बारीक तारा पीळ देऊन, वर चंदेरी रंग कोरड्या ब्रशने. इंधनाची इंजेक्शन आणि हवा आत घेणारे आठ ट्रम्पेट (कर्ण्यासारखे नळे) सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या व्हीमध्ये, एक्झॉस्ट दोन्ही बाहेरच्या अंगांना, प्रत्येक बाजूला चारांची एक. प्लगच्या वायर कॅम कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणांच्या) मधल्या खाचांत उतरतात, बाजूने नव्हे. एनॅमल तारेवर रंग धरत नाही. आधी बारीक वॉटर पेपरने ओढून घ्यायची. भोक तारेपेक्षा 0.05 मि.मी. मोठं पाडलं की सायनोचा (झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूचा) एक थेंब पुरतो.

रंग कोल्हापुरात जून ते सप्टेंबर करू नये, हे माझं ठाम मत. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि निळ्यावर दुधाळ छटा येते. मंद थिनरने थोडं सावरतं, पण गडद निळ्यावर डाग लपत नाही. कंप्रेसरला मॉइश्चर ट्रॅप हवाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दुपारी, ही वेळ उत्तम. गाड्यांच्या टच-अपचा रंग मिसळून देणाऱ्या दुकानात निळा हवा तसा मिळतो, पण तो एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये पातळ केलेला असतो आणि उघड्या पॉलिस्टायरीनवर थेट मारला तर प्लॅस्टिक सुरकुततं. प्लॅस्टिकचा प्रायमर दोन पातळ हात, 1000 च्या वॉटर पेपरने ओलं घासणं, मग रंगाचे कोरड्या धुक्यासारखे पहिले दोन हात आणि त्यानंतरच ओला हात. टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचं पारदर्शक लॅकर) चकाकी छान देतं, पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साधा कापडी मास्क त्याला उपयोगाचा नाही, गॅस कार्ट्रिजवाला लागतो. नसेल तर टू-केच्या वाटेला जाऊ नका.

कॉकपिटच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या खिडक्या विसरू नयेत. चालकाला पुढची चाकं दिसावीत म्हणून त्या होत्या. त्या सायनोने चिकटवल्या तर वाफेने काच धूसर होते. साधा पांढरा फेविकॉल काडीच्या टोकाने कडेला लावायचा, वाळला की पारदर्शक होतो.

जुन्या किटची डिकॅल पिवळी पडलेली असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हात चिकटवून ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. मार्च-एप्रिलचं ऊन याला चांगलं. लावण्याआधी एका कोपऱ्याचा नको असलेला तुकडा पाण्यात टाकून बघा. फुटला तर सगळ्या शीटवर क्लिअरचा एक हात मारून, वाळल्यावर प्रत्येक डिकॅल कापून घ्या. टायरवरची अक्षरं रबरावर धरत नाहीत. तिथे आधी मॅट क्लिअर, मग डिकॅल, मग पुन्हा मॅट.

मागचा विंग आणि आरसे शेवटी, कारण हाताळताना तेच मोडतात. ॲक्रिलिकची पेटी करून घेतलीत आणि सांधे सिलिकॉन सीलंटने भरलेत, तर त्याचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत गाडी आत ठेवू नका. ती वाफ तांब्याच्या उघड्या तारांना गंजवते.